लखमीची हळद

उल्हासनगर, कॅम्प ४
१८ नोव्हेंबर २०२४

भूपेश,

अनेक आशीर्वाद असं लिहायला बसले होते, पेन पुढे गेलं नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास, फॅमिली ग्रुपमधून काढलंस, म्हणून कागद घेतला. कागद ब्लॉक करता येत नाही. फार तर फाडशील.

तुझं पुस्तक पोचलं. नेत्राने आणून दिलं, तिच्या लग्नाच्या पत्रिकेसोबत, आणि "पप्पांना सांगू नको हां आत्या" म्हणत पळाली. पोरीला बापाच्या सख्ख्या बहिणीकडे चोरून यावं लागतं, छान घर चालवतोस. पुस्तकाचं नाव 'कुलगौरव'. कागद तर असा गुळगुळीत की आईने त्यावर हात फिरवला आणि विचारलं, "यो साडीचा बॉक्स हाय का?"

चौदाव्या पानावर आपलं घराणं आहे. वर एक राजा. फेटा, तलवार, घोडा. त्याच्या खालून फांद्या फुटत फुटत अगदी शेवटी तू, डोळ्यांवर गॉगल. मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. दोनशे वर्षांत आपल्या घरात एकही बाई जन्माला आली नाही. आई नाही, मी नाही, तुझी बायकोसुद्धा नाही. सगळे पुरुष पुरुषांच्याच पोटी आलेत. आईला चित्र दाखवलं तर म्हणाली, "आपल्याकरं घोरा कधी व्हता?"

अरे, आपल्याला आगरी का म्हणतात हे आप्पांनी तुला मांडीवर घेऊन सांगितलंय. आगर म्हणजे मिठागर. आपले लोक खाडीच्या पाण्यात उभे राहून मीठ ओढायचे. त्यातलाच आप्पांचा पणजोबा सदू, बैलावर मीठ लादून इकडे वर आला, मिठाच्या बदल्यात भात न्यायला. तो खरवईत राहिला म्हणून तू आज खरवईचा जमीनदार. यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मला सांग. तुझ्या एवढ्या जाड पुस्तकात मीठ हा शब्द एकदाच आलाय, 'खाल्ल्या मिठाला जागणारा समाज' असा. तेवढाही नसता तरी चाललं असतं.

मग एकविसावं पान. 'आपल्या समाजात विवाह पूर्वापार वेदोक्त पद्धतीनेच होत असत.' ते वाचून मी पुस्तक मिटलं, कारण आतल्या खोलीत आई बसली होती. धवलारीण मोतीबाई. जिने पन्नास वर्षं आजूबाजूच्या गावांतली लग्नं लावली. भटजी नाही, पोथी नाही. आई धवले गायची, देवांना नाव घेऊन बोलवायची, घरातल्या मेलेल्यांना नाव घेऊन बोलवायची, आणि त्या गाण्यावर नवरा-नवरी एकमेकांची व्हायची. तुझं लग्न कोणी लावलं भूपेश? आईनेच ना? मग तुझं लग्न झालंच नाही असं धरायचं का? वहिनीला विचार तिचं यावर काय म्हणणं आहे.

आणि सतरावं पान. तो फोटो बघून मी एकटीच हसले, आणि मग हसू कुठे गेलं ते कळलं नाही. बांधावरचा आपला लखमीचा दगड. खाली छापलंय, 'घराण्याच्या मूळपुरुषाची वीरगळ, काळाच्या ओघात शिल्प झिजलेले.' कोण रे हे तुझे इतिहासाचे सर? त्या दगडावर कधी शिल्प नव्हतंच, झिजणार काय? साधा गोल दगड. घरात लग्न निघालं की पहिली हळद नवरीला नाही, नवऱ्याला नाही, त्या दगडाला. लखमी कातकरणीला. तिला तुम्ही मिशा लावल्यात.

फोटो काढून ठेवलास ते बरं केलंस, दगड आता कुठे आहे? मार्चमध्ये तुझा जेसीबी आला तेव्हा आई त्या दगडावर जाऊन बसली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, ऊन डोक्यावर. तू तिला पोत्यासारखी उचललीस आणि गाडीत घातलीस. मला त्या दिवशी फोनवर म्हणालास, "ताय, तुझ्याकडे ने तिला, माझ्या प्रोजेक्टला नजर लागते." तेव्हापासून ती इथे माझ्या दोन खोल्यांत आहे, आणि दगड तुझ्या 'राजवैभव' टॉवरच्या पार्किंगखाली भरावात गेला.

मला काही नको. बहिणींच्या हक्कसोडीवर सही करताना मी कागद वाचलासुद्धा नव्हता. एकच मागते. पंधरा फेब्रुवारीला नेत्राची हळद आहे. आईला गाऊ दे. पहिली हळद लखमीची. आई फार दिवस नाही रे राहणार, आणि नेत्रा तिची शेवटची नात आहे लग्नाची.

तुझ्या पुस्तकात नसलेली,
तुळशी


उल्हासनगर
६ डिसेंबर २०२४

भूपेश,

पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनच्या अक्षरात 'घेण्यास नकार'. आता दोन्ही पत्रं नेत्राच्या हाती देतेय. पोरीला नकार देऊन दाखव.

परवा ती आली तेव्हा मी मुद्दाम विषय काढला. म्हटलं, नेत्रा, तुझ्या पप्पांच्या पुस्तकातला राजा राहू दे, आजीला विचार लखमी कोण. आई आधी बोलेना. तिचं म्हणणं, हे गाण्यात असतं, बोलण्यात नसतं. मग नेत्राने तिचे पाय चेपले, तेव्हा बाई सुटली.

तुला हे माहीत आहे, पण तू विसरल्याचं सोंग घेतलंयस म्हणून लिहिते. सदू मीठ विकायला आला आणि पावसात इकडेच अडकला. खरवईच्या वरकस माळावर लखमी कातकरीण राहायची. माळ तिने साफ केलेला, झाडं तिने तोडलेली, नाचणी तिची. तिने सदूला चार महिने खोपटात ठेवलं. पुढे सदू बायकोला घेऊन आला, रखमाबाईला, आणि तिथेच नांगर धरला. मग सरकारी मोजणी आली. साहेबाने विचारलं जमीन कोणाची. लखमी रानात गेली होती, सदू समोर उभा होता. संध्याकाळी ती परत आली तेव्हा कागद झाला होता. मेली तीही त्याच बांधावर, स्वतःच्या जमिनीत मजुरी करत. आपण राजे नाही रे. मोजणीच्या दिवशी आपण हजर होतो, एवढंच.

सदूच्या पोराचं लग्न निघालं तेव्हा रखमाबाई अडून बसली. पहिली हळद लखमीला, नाहीतर मी मांडवात येणार नाही. ती स्वतः धवले गायची. तिने लखमीचं नाव गाण्यात घातलं. देवांनंतर, आणि आपल्या सगळ्या मेलेल्यांच्या आधी. सासूने सुनेला शिकवलं, तिने तिच्या सुनेला, असं करत ते आईपर्यंत आलं. बाप्यांनी सातबारा सांभाळला, बायांनी हे.

नेत्राने विचारलं, आजी, मग आपण तिची जमीन ढापली का? आईचं उत्तर मी शब्द न बदलता लिहिते. "जमीन तिची, नांगर आपला, कागद पन आपला. तिच्या वाट्याला काय आला? हलद. ती पन तुझा बाप देत नाय."

नेत्रा रडली. मला वाटलं होतं ती आजीच्या गळ्यात पडेल. ती म्हणाली, "सासरच्यांना हे कळलं तर?" तुझीच पोरगी.

शेजारच्या लाजवंती आंटीला मी तुझं पुस्तक दाखवलं. तिचं जीन्सचं दुकान, मी तिची ऑल्टरची कामं करते, तुला माहीत आहे. ती राजाकडे बघून पोट धरून हसली. म्हणाली, "अरी तुलसी, इस कैंप में जो भी आया ना, हर एक सिंध में जमींदार था. मेरा ससुर भी. मरने के बाद पता चला, वहाँ पापड़ बेचता था." मग म्हणाली, पापड चांगले होते पण. त्या बाईला हसता येतं. आपल्याला का येत नाही?

आणि हो, वहिनीचा निरोप मिळाला. विधवेने पहिली हळद लावलेली भटजींना चालणार नाही. आईने आप्पा गेल्यावर सत्तावीस वर्षं लग्नं लावली, तेव्हा कोणाचं वाकडं झालं? आपल्यात विधवेचा विटाळ कधी नव्हता. मोठे झालात म्हणून आता दुसऱ्यांचे विटाळ उसने आणताय.

तुळशी


उल्हासनगर
२२ डिसेंबर २०२४

भूपेश,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोन पत्रांना पाच ओळींचं उत्तर, तेही पत्रिकेच्या मागच्या बाजूला. 'ताय, राजा माझा नाही. किर्तीच्या बैठकीत पहिल्यांदा कोण बोललं ते आठव. आणि किर्तीच्या लग्नात आईचा घसा कोणी बसवला तेही आठव. मग मला शिकव.'

आठ दिवस मी उत्तर लिहिलं नाही. मशीनवर बसले की टाका चुकायचा.

बरं. आठवते. तुझ्यासमोर काय लपवायचं, तू तर बाजूलाच बसला होतास पोह्यांची प्लेट घेऊन. अंबरनाथला, माझ्या किर्तीच्या सासऱ्यांच्या हॉलमध्ये. ती देशावरची माणसं, बोलणं तोलून मापून. किर्तीच्या होणाऱ्या सासूने विचारलं, तुमचं मूळ कुठलं, कुळी काय? तिच्या विचारण्यात वाईट काही नव्हतं, ती सगळ्यांनाच विचारते. पण त्या हॉलमधल्या शोकेसकडे बघून माझ्या तोंडून निघालं, आमचे मूळपुरुष इकडच्या राजाकडे सरदार होते. तुला ठसका लागला. परत येताना रिक्षात तू विचारलंस, "ताय, आपण सरदार कधी झालो?" मी म्हटलं, पोरीचं लग्न होईपर्यंत. आपण दोघं किती हसलो होतो.

घशाचं पण खरं आहे. तू आईसाठी आणि तिच्या मागे गाणाऱ्या बायांसाठी खरवईहून टेम्पो ठरवला होतास. आदल्या दिवशी मी तुला सांगितलं, आईचा घसा बसलाय, राहू दे. आईला सांगितलं, पोराकडच्यांना चालत नाही. पोराकडच्यांना मी विचारलंच नव्हतं. लग्नाला आली आणि हॉलमध्ये मागच्या रांगेत बसून मठ्ठा प्यायली. लखमीला हळद मी गुपचूप पाठवली होती हं, तुझ्याच हातून, प्लास्टिकच्या डबीत. ती तू लावलीस की नाही हे मी कधी विचारलं नाही.

तर झालं तुझं समाधान? पण मी पोरीसाठी केलं भूपेश. एक दिवसासाठी केलं. मी हे छापलं नाही, वाटलं नाही, त्यावर टॉवरला नाव दिलं नाही. आणि मी फक्त सरदार केला होता. राजाची बढती तू दिलीस.

माझं मागणं तेच आहे. माझं तोंड काळं असलं तरी आईचं नाही. तिने कोणाचं काय बिघडवलंय? एकदा माझ्या पोरीच्या लग्नात ती गप्प बसली, तुझ्या पोरीच्या लग्नात परत बसवू नको. कर ना एवढं. ओरडून झालं, आता विनंती करतेय.

ताय


उल्हासनगर
१४ जानेवारी २०२५

भूपेश,

तिळगूळ नेत्राकडे दिलाय. गोड बोलण्याचं वचन देत नाही.

ती म्हणाली तू हो म्हणालास. मला आधी खोटं वाटलं. मग तिने तुझा आवाज ऐकवला मोबाईलवर, "आजीला आण, माईक देतो, पाहिजे ते गाऊ दे." आवाज थकलेला वाटला. शुगर तपासतोस का?

नेत्राने हे मिळवलंय. मी मागे तुझीच पोरगी म्हणून तिला टोचलं, ते मागे घेते. ती सासरी स्वतःच सांगून आली म्हणे, आमच्याकडे पहिली हळद एका कातकरी बाईची असते. पोराने विचारलं, मग आपण दोघं जाऊन लावायची का? एवढंच. आपण दोघं त्या एका प्रश्नाला किती वर्षं घाबरलो बघ. किर्तीच्या बैठकीपासून धरलं तर मी बारा, तूही बारा.

नेत्रा सांगते की तू टॉवरच्या गेटपाशी नवा दगड बसवलायस, तलवार आणि घोडा कोरलेला. समाजाची मंडळी मूळपुरुषाला हार घालायला येणार म्हणून. खरा दगड शोधायला दोन दिवस माणसं लावली होतीस, पण पार्किंगची फरशी फोडायला इंजिनिअर नाही म्हणाला. हे तू मला सांगितलं नाहीस. शोधलास हे तरी सांगायचं होतंस.

आईला त्या नव्या दगडाचं बोलले. म्हणाली, घोड्याला हळद ती लावणार नाही. गेटच्या बाजूला जमिनीवर लावेल, खाली लखमीच आहे. त्यावर तू काही बोलू नको.

काल ती पहाटे उठून पुटपुटत होती. मी कान देऊन ऐकलं. नावं म्हणत होती, लखमीनंतरची, आपल्या घरातली. सगळी जमतायत का बघत होती बहुतेक. एक अडलं, मग सापडलं, मग हसली. मला लुगडं इस्त्री करायला सांगितलंय. एक महिना आहे अजून, तरी सांगितलंय.

शब्द पाळ. बाकी मागचं सगळं मी गिळते.

ताय


उल्हासनगर
२३ फेब्रुवारी २०२५

भूपेश,

लग्न पार पडून आठवडा झाला. तू फोन अनब्लॉक केलास हे मी बघितलं. मी उचलणार नाही. तुझ्याशी तोंडाने बोलायची माझी लायकी सध्या नाही, म्हणून परत कागद.

आधी हे लिहून टाकते, मग मला लिहवणार नाही. तू शब्द पाळलास. भर मांडवात, समाजाची मंडळी सोफ्यावर बसलेली असताना, तू स्वतः उठून डीजे बंद करायला सांगितलास. आईला हाताला धरून पाटावर बसवलीस. गेटपाशी ती जमिनीवर वाकून हळद लावत होती तेव्हा तू तिच्या मागे उभा होतास, कोणी पाय देऊ नये म्हणून. त्या पाहुण्याने, टिळेवाल्याने, तुला विचारलं, म्हातारी चुकली का, मूळपुरुष तर इकडे आहे. तू म्हणालास, "नाय, बरोबर लावतेय." मी ऐकलं. मला वाटलं आता मी मेले तरी चालेल.

मग तू माईक माझ्या हातात दिलास. ताय, तू धर तिच्या तोंडाजवळ, तिचा हात थरथरतो. इथे तू चुकलास, दुसऱ्या कोणाला द्यायचा होतास.

आईने सुरुवात केली तेव्हा आवाज फाटका होता, पण दोन ओळींत लागला. मागच्या बाया नव्हत्या, एकटीच. गावदेवीला आवतान दिलं, गणपतीला दिलं, मांडवातल्या चारी खांबांना दिलं. पोरं मोबाईल काढून उभी राहिली. नेत्रा आणि तिचा नवरा पाटावर अंग चोरून बसले होते, खरंखुरं काही चाललंय अशा तोंडाने. तू ताट घेऊन समोर होतास. मग आई मेलेल्यांच्या नावांपाशी आली, त्यांत पहिली लखमी.

पयलं आवतान बांधावरी,
लखमी कातकरीन आली घरी...

माझ्या मागच्या खुर्चीवर किर्तीची सासू होती. ती पुढे वाकली. रागाने नाही, कुतूहलाने विचारलं तिने, "काय म्हणाल्या, कातकरीण? तुमचे तर सरदार ना?" बाजूला त्यांची जाऊ, नणंदा, सगळ्या. किर्तीने माझ्याकडे बघितलं. बारा वर्षांपूर्वी बैठकीत बघत होती तशीच. तिने तोंडाने एक शब्द काढला नाही, तिच्यावर मी ढकलणार नाही. तिने फक्त बघितलं.

आणि माईकचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं.

सगळ्यांना वाटलं लाईट गेली माईकची. डीजेवाल्याला वाटलं म्हातारीचं झालं, त्याने गाणं लावलं, पोरं नाचायला लागली. आई पुढे गात होती. तिचे ओठ हलत होते, मी तिच्या एवढी जवळ असून मला ऐकू येत नव्हतं. दोन-तीन नावं म्हणाली असेल. मग थांबली, माईककडे बघितलं, मग माझ्या अंगठ्याकडे. तिला मोबाईल लावता येत नाही, पण बटण कशाला म्हणतात ते कळतं.

तू पण बघितलंस. मांडवाच्या पलीकडून, हातात हळदीचं ताट. मला वाटलं ओरडशील, ताट फेकशील. मी तुझ्या जागी असते तर तुला तिथेच उभा चिरला असता, तीन महिने तेच करत होते ना पत्रांतून? तू मान खाली घातलीस आणि नेत्राला हळद लावायला गेलास. कोणाला सांगितलं नाहीस. वहिनीलासुद्धा नाही, नाहीतर तिचा फोन आला असता. तू शिवी घातली असतीस तर मला जड गेलं नसतं.

घरी येताना रिक्षात मी आणि आई. उल्हासनगरचा नाका आला तेव्हा तिने विचारलं, "या येलेला लोकांना काय सांगाचा? घसा बसला?"

मी पायांवर डोकं ठेवलं. तिने पाय काढून घेतले नाहीत, हात पण ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी वही-पेन घेऊन तिच्यासमोर बसले. म्हटलं आई, लखमीनंतरची नावं सांग, मी लिहून घेते, नेत्राला देते, ती पुढे चालवेल. मला फक्त सदू आणि रखमाबाई माहीत आहेत. प्रत्येक लग्नात ते गाणं त्या जागी आलं की मी पानं वाढायला नाहीतर पाहुण्यांना बघायला गेलेली असायचे. आईने वही बघितली आणि म्हणाली, "नवरा-नवरी नाय, मांडव नाय. मी कोनाला न कशाला बोलवू?"

मी म्हटलं, पुढच्या लग्नात सांगशील? ती म्हणाली, पुढचं लग्न कोणाचं आहे? खरंच, कोणाचंच नाही. नेत्रा शेवटची होती हे मीच तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं.

ती जेवते, झोपते, लाजवंती आंटीशी मालिका बघते. माझ्याशी कामापुरतं बोलते. पहाटे पुटपुटणं बंद झालंय. मी रोज कान देऊन पडलेली असते.

तू म्हणशील ताय, मग मी काय करू. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढणार आहेस असं नेत्रा म्हणाली. तुझा राजा ठेव, मला आता त्याच्याशी भांडता येत नाही, त्याला पहिला जन्म मीच दिला. पण चौदाव्या पानावर मला घाल. आणि लखमीला आपल्या घरातून कोणी बाहेर काढलं हे तू कधी लिहिलंस, तुझ्या पोरांसाठी तरी, तर त्यात नुसतं तुझं नाव घालू नको. दगड तू गाडलास, नाव मी गाडलं. आधी माझं नाव लिही, मग तुझं.

मी थोरली आहे.

तुळशी